दगडात गेलेले रूळ

१

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नव्या कचेरीतल्या खुर्च्यांच्या सुतळ्या अजून सुटल्या नव्हत्या, साहेबांच्या दाराला पाटी लागायची होती. पण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला, आणि लोकांना काम पाहिजे होतं. मी नुकताच कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो होतो. मला हुकूम मिळाला, उदगीरच्या पुढं मुखेडच्या हद्दीला लागून खरबवाडी आहे, तिथला अर्धवट तलाव पुरा करा.

हा तलाव बहात्तरच्या दुष्काळात सुरू झाला होता. अर्धा बांध घातला, मग पाऊस आला, काम थांबलं ते थांबलंच. बांधाचा दगड टेकडीतल्या खाणीतून यायचा. त्यासाठी खाणीपासून बांधापर्यंत दोन फूट रुंदीची छोटी लाइन टाकलेली होती. तिचे रूळ आणि लोखंडी डबे तेलंगणातल्या एका बंद पडलेल्या कोळसा खाणीतून ट्रकांत घालून आणले होते. निजामाच्या अमलात, जमिनीच्या पोटात, माणसं ते डबे कोळसा भरून ढकलायची. बहात्तरला तेच डबे आमच्याकडच्या माणसांनी दगड भरून ढकलले. लोखंडाला काय, कोळसा आणि दगड सारखेच.

मी मूळचा मुखेडचा. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. आमच्या घरात देवाला जागा नव्हती, म्हणून भुतालाही नव्हती. नांदेडला शिकलो तेही मोजमापाचंच. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की पुढं जे घडलं त्याच्याकडं मी भाबडेपणानं पाहिलं नाही.

पहिल्या सकाळी सिद्रामप्पा मिस्त्रींबरोबर मी लाइन बघायला निघालो. हे उदगीरचे, वयानं माझ्या वडिलांएवढे, कपाळावर भस्माचे पट्टे. बहात्तरला या कामावर रूळ टाकणं आणि डब्यांची दुरुस्ती त्यांच्याकडंच होती. डबे सगळे लाइनीशेजारी उलटे पडले होते. चाकं गंजून धुऱ्यांना चिकटलेली. एका डब्याचा तळ फोडून बाभूळ वर आली होती.

आणि रुळांची पाठ चकचकीत होती.

बाजूनं गंज, खाली गवताच्या वाळल्या काड्या, पण वरची कड घासल्यासारखी पांढरी. रोजच्या रोज चाक फिरतं तशी.

"मिस्त्री, यावरून काही चालतं का?"

सिद्रामप्पांनी अंगठा रुळावर फिरवला, मग धोतराला पुसला. "काय चालनार सायेब? डबे तर हे असे पडलेत. गुरं जात असतील."

गुरं दोन्ही रुळांवर तोल सांभाळत खाणीपर्यंत जात नाहीत. पण वारा वाळू घेऊन वाहतो, वाळू लोखंड घासते. मी वाऱ्यावर समाधान मानलं.

२

डबे सरळ केले, चाकांना तेल पाजलं. बाभळीचा डबा तेवढा सोडून दिला. चार दिवसांत काम सुरू झालं. आसपासच्या वाड्यांतून माणसं आली. टँकर एक दिवसाआड यायचा. धुरपताबाई नावाची म्हातारी घागरीतून सगळ्यांना घोट घोट पाणी द्यायची, आणि कोणी दुसरा घोट मागितला की त्याच्याकडं नुसती बघायची.

पहिल्या डब्यावर पंढरी आणि त्याची बायको चांगुणा असायचे. दोघं मुखेडकडचेच, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली. पंढरी बोलका, डोक्याला हिरव्या चौकड्याचा पंचा. चांगुणा कमी बोलायची, पण जे बोलायची ते नवऱ्याला बरोबर लागायचं. खाणीकडून येताना बांधाच्या आधी एक चढ होता. तिथं प्रत्येक डब्याला चार माणसं लागत. या दोघांचा डबा दोघांतच चढायचा.

"काय खाता रे?" मी एकदा गमतीनं विचारलं.

"त्योच तुकडा, जो समदे खातेत," पंढरी हसला.

चांगुणा हसली नाही. "साहेब, खरं सांगू का? चढाला लागला की डबा हलका होतो. पुढून कोनी वढून राहिल्यावानी."

"पुढून कोण ओढणार?"

"तेच तर."

मी चढावर लेव्हल लावून पाहिली. डोळ्याला चढ वाटावा आणि असावा उतार, अशी जागा असते कधी कधी. पण चढ खराच होता. मग मी स्वतः डब्याला हात लावला. भरलेला डबा, मी एकटा. चढ लागताच तो हलका झाला, इतका की माझा तोल पुढं गेला. लोखंडातून तळव्यांना एक थरथर जाणवत होती. चाकांची थरथर मला ठाऊक होती, ती एकसारखी असते. ही थांबून थांबून येत होती. माणूस जोर लावताना दम सोडतो, तशी.

मी वाकून पुढं पाहिलं. पुढं मोकळे रूळ होते आणि ऊन.

हात झटकला तर तळव्यांच्या रेषांत काळं बसलेलं. आमच्या दगडाची भुकटी राखाडी असते, फुंकली की उडते. हे तेलकट होतं. तेलंगणातल्या खाणीतला जुना कोळसा डब्याच्या कोपऱ्यात राहिला असेल, असं मी मनाशी म्हटलं. ते खोटं म्हणता येण्यासारखं नव्हतं.

३

दुपारी सगळे चिंचेखाली भाकरी खायला बसत. मी लाइनीजवळच्या पत्र्याच्या खोलीत थांबायचो. त्या वेळी लाइनीवर काहीच नसायचं. डबे बांधापाशी ओळीनं उभे, चाकांखाली दगड.

एका दुपारी मला डबा जाताना ऐकू आला. बांधाकडून आला, खोलीच्या भिंतीजवळून गेला. रुळांच्या सांध्यावर चाकांचा खडक-खडक आवाज, मागं अनवाणी पावलं. मी दारात आलो. लाइन रिकामी होती, आणि आवाज माझ्यासमोरून पुढं चालला होता.

ऊन वाढलं की लोखंड वाढतं आणि सांधे तडतडतात. हे मी शिकलेलो होतो. पण ते तडतडणं जागच्या जागी असतं. हा आवाज प्रवास करत होता. टेकडीकडं गेला, खाणीत शिरला. तिथं लाइन संपते, दगडाच्या उभ्या भिंतीला टेकून. आवाज तिथं थांबायला हवा होता.

तो थांबला नाही. बारीक होत होत तो टेकडीच्या आत गेला, मग खाली. किती तरी वेळ मला तो उतरताना ऐकू येत होता.

मी चालत खाणीत गेलो. रुळांच्या शेवटी आडवा ओंडका होता, त्यामागं दगड. मी दगडाला हात लावला आणि मागं घेतला. मे महिन्याची दुपार, सकाळपासून उन्हात तापलेली भिंत, आणि दगड थंड होता. थंड आणि ओला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या कामावर पसरली. मी सिद्रामप्पांनाच सांगितलं होतं, तेही फक्त ओलीबद्दल. लोक येऊन दगडाला हात लावत होते, बोटं चाटून बघत होते. धुरपताबाईनं कपाळच टेकवलं.

"झरा हाय आत," पंढरी म्हणाला. "साहेब, फोडा इथं. तलावाचं नंतर बघू. पियाला तर हुईल."

"पाण्याला असला वास येतो का रं?" चांगुणा म्हणाली. तिनं पदर दगडाला लावून हुंगून बघितला होता. पदरावर काळा डाग उतरला होता.

पण तहानलेल्या माणसांपुढं काळा डाग म्हणजे काय? आणि मला तरी झऱ्याशिवाय दुसरं कारण कुठं दिसत होतं? उलट झरा सापडला असता तर सगळंच उलगडलं असतं. थंडावा, ओल, आवाजसुद्धा. पोकळीत पाणी वाहिलं की नाना आवाज येतात.

४

उदगीरहून सुरुंगवाला आणला. सकाळी बार उडाला. धूळ बसल्यावर माणसं धावली, पाट्यांनी दगड बाजूला करू लागली. पाणी नव्हतं. ओलसुद्धा नव्हती. भिंत दोन हात मागं सरकली होती, बस्स.

राडारोडा उपसून झाल्यावर पंढरीनं मला हाक मारली. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

ओंडका बारात उडाला होता. जिथं रूळ संपत होते, तिथं ते संपले नव्हते. ते बारानं मोकळ्या झालेल्या दोन हात जागेतून पुढं गेले होते आणि नव्या उघड्या पडलेल्या दगडात शिरले होते. मी गुडघ्यावर बसून बघितलं. फट नव्हती. चुना नव्हता, माती नव्हती. अखंड काळा पाषाण रुळांना चहूबाजूंनी घट्ट धरून होता, झाडाच्या खोडात रुतलेल्या तारेसारखा. पण झाड वाढतं. दगड वाढत नाही.

"मिस्त्री, बहात्तरला खाण याच्यापेक्षा खोल होती का? दरड कोसळली असेल."

"दरड अशी असते व्हय सायेब?" सिद्रामप्पा लांबच उभे होते. "त्या वक्ताला मी सोता शेवटचा रूळ टाकला. ह्या दगडाच्या अलीकडं. शिवशिवा. ब्याड सायेब, नको. आता हितं हात लावू नका."

मी कामाची जागा बदलली. खाणीच्या दुसऱ्या कडेला दगड काढायचा आणि लाइनीवर अलीकडंच डबे भरायचे, असं ठरवलं. रुळांच्या तोंडाशी चार माणसांना हलणार नाही असा धोंडा आडवा टाकायला लावला. मग पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि कारण शोधत राहिलो. प्रत्येक कारण अर्ध्या वाटेवर येऊन थांबायचं.

५

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी पंढरी आणि चांगुणा रिकामा डबा घेऊन खाणीत आले. मी टेप घेऊन कडेला उभा होतो. भरायच्या जागी डबा थांबवायला पंढरीनं पाय रोवले. डबा थांबला नाही.

"आरं धर की," चांगुणा म्हणाली.

"धरलाय!"

दोघांच्या टाचा मुरमात चर पाडत चालल्या होत्या. डबा वेगात नव्हता. सावकाश, नेटानं चालला होता, ओढल्यासारखा. चांगुणानं हात सोडला आणि तळवे छातीशी धरले. नंतर मी ते बघितले, बर्फ धरल्यासारखे पांढरे पडले होते. पंढरीनं हात सोडले नाहीत. सोडता आले नाहीत की सोडले नाहीत, ते मला आजही सांगता येत नाही.

डबा धोंड्यावर आदळायला पाहिजे होता. मी त्या आवाजासाठी अंग चोरलं. आवाज झालाच नाही.

मी जे बघितलं ते एवढंच. समोर दगडाची भिंत नव्हती. लाकडाच्या टेकूंवर पेललेलं बुटकं छत होतं, खाली खाली उतरत गेलेले बारके दिवे, आणि प्रत्येक दिव्याजवळ डब्याला खांदा लावून वाकलेलं कोणीतरी. भोंगा झाल्यावर माणसं मान वर करतात तशी त्या सगळ्यांनी एकदम मान वर केली. सगळ्यात जवळ एक बाई होती. कास्टा घातलेली, पदर कमरेला खोचलेला. तिनं सरकून पंढरीला जागा करून दिली.

मग ऊन होतं आणि दगड होता. धोंडा जागच्या जागी होता. डबा नव्हता, पंढरी नव्हता.

चांगुणा दगडावर तळवे मारत होती. मी बांधाकडं तोंड करून ओरडलो, सिद्रामप्पांना, सगळ्यांना. माणसं धावत येत होती, तेवढ्यात माझ्या पाठीमागं चाकांचा आवाज आला. वळलो. डबा धोंड्याच्या अलीकडं उभा होता. काठोकाठ भरलेला. काळ्याभोर खड्यांवर ऊन चमकत होतं.

"कोळसा हाय," कोणीतरी हळूच म्हणालं.

त्या वर्षी जळण कुठंच नव्हतं. लोक काट्याकुट्या, तुराट्या, वाळलं शेण वेचून चुली पेटवत होते. एका माणसाचा हात आपोआप पुढं गेला. चांगुणानं तो खाडकन मारला.

"हात लावायचा न्हाई! माझा मानूस नेला आन हे दिऊन राहिलेत. मला नगं हे. कोनी एक खडा घेतला तर बघा!"

तिनं दोन्ही हातांनी एक ढेकूळ उचललं आणि दगडावर फेकलं. फुटून तुकडे खाली पडले. दुसरं फेकलं, तेही फुटलं. ती फेकत राहिली. आम्ही नुसते बघत होतो. मग एका ढेकळाचा आवाज आला नाही. ते दगडाकडं गेलं आणि खाली पडलं नाही.

धुरपताबाईनं घागर खाली ठेवली. डब्याजवळ गेली, एक खडा उचलला आणि फेकला. "घ्या तुमचं," ती म्हणाली. मग बाया पुढं आल्या. मग गडी. सिद्रामप्पा ओठांत नाव घेत दोन्ही हातांनी उपसत होते. मीही. मी काय मानतो आणि काय नाही, ते त्या क्षणी बाजूला राहिलं. मला त्या डब्याचा तळ दिसायला हवा होता.

जमिनीवरचा चुरासुद्धा चांगुणानं पदरानं गोळा करून दगडावर उधळला. मग रिकाम्या डब्याला खांदा लावून तो पुढं लोटला. डबा धोंड्यावर आदळला. लोखंडावर दगड, साधा आवाज.

त्यानंतर काहीच झालं नाही. चांगुणा दगडाला पाठ लावून बसली आणि बोलू लागली. पंढरीशी. शेळी कुणाकडं ठेवलीय, दाराची कडी कशी अडकते, लग्नात त्याच्या मामानं कसा रुसवा धरला होता, असलं काहीबाही. घसा बसला तरी बोलत राहिली. धुरपताबाईनं न मागता तिला दुसरा घोट दिला. कोणी घरी गेलं नाही.

ऊन कलत आलं होतं तेव्हा राडारोड्याच्या ढिगामागून खोकला ऐकू आला.

पंढरी तिथं बसला होता. पापण्यांपर्यंत काळा. पायाचे तळवे सोलून निघालेले. डोक्यावरच्या पंच्याचा रंग कुठला, ते ओळखू येत नव्हतं. कापड विरून जाळी झालं होतं. तो आमच्याकडं बघत होता. ओळख होती नजरेत, पण फार दिवसांनी गावी आलेल्या माणसाला असते तशी. चांगुणानं त्याचा हात धरला. तो काहीतरी बोलला. आम्हाला कळलं नाही.

"तेलगू हाय," देगलूरकडचा एक मजूर म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"कामाची पाळी संपली का, म्हनून इचारून राहिला."

६

पंढरीला उदगीरच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत तो मराठी बोलू लागला, जेवू लागला. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. खाण धोक्याची आहे, असं मी वर कळवलं. बांधाला दुसरीकडून गाढवांवर दगड आणला आणि तलाव पुरा केला. रूळ उपटायला कोणी तयार झालं नाही.

पुढच्या साली मला कामानिमित्त नांदेडला जावं लागलं. ती दोघं तिथं गोदावरीच्या अंगाला एका खोलीत राहतात, असं कळलं होतं. पत्ता विचारत गेलो. पंढरी सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता. मला बघून धावत आला, घरी घेऊन गेला, सिद्रामप्पांची चौकशी केली, तलावात पाणी थांबलं का विचारलं. तोच बोलका पंढरी. चहा पिऊन तो दुकानावर परत गेला. मला फार बरं वाटलं, आणि मी तसं चांगुणाला म्हटलं.

ती कपबशा घेऊन मोरीपाशी बसली होती. "हाव. चांगला हाय. काम करतो, पीत न्हाई, हसतो." थोडा वेळ ती कप विसळत राहिली. "साहेब, एक इचारू का?"

"विचार की."

"रोज सकाळी तो माझ्या तोंडाकडं बघत बसतो. मंग म्हनतो, तू चांगुणाच हाय ना?"

"घाबरला होता गं तो. जाईल हळूहळू."

"तसं न्हाई." तिनं नळ बंद केला. "तिथं बी चांगुणा व्हती म्हनं. त्याच्या डब्याला. लई सालं संगं व्हते दोघं. माझं बोलनं त्याला दगडातून ऐकू आलं, आन तो निघाला. तवा ती रडली. म्हनली, ती मी न्हाई, मी हितं हाय, जाऊ नगंस. आन ह्यो तिला सोडून आला."

बाहेरून घाटाकडं जाणाऱ्या ऑटोचा आवाज आला आणि गेला.

"मग तू त्याला काय सांगतेस?"

"काय सांगनार? हाव म्हनते, मीच हाय." तिनं कप एकेक करून उपडे ठेवले. "तेवढ्यानं त्याचं भागतं. पर दुपारचा जरा डोळा लागला की तो हाक मारतो, साहेब. चांगुणा, चांगुणा म्हनून. मी हितं, त्याच्या उशाशी बसलेली असते."

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "नाव माझंच हाय. पर ती हाक मला न्हाई."